दरबारात शाप कुणालाच ठाऊक नव्हता

नाटकातला एक प्रसंग घ्यायचा आणि तो तिथल्या तिघाचौघांच्या तोंडून पुन्हा सांगायचा, असं लेखन गोव्यातल्या आमच्या फोंड्याकडची काही तरुण मुलं हल्ली करतायत. देवळातल्या उत्सवी नाटकांवर वाढलेली मुलं. प्रसंग त्यांना तोंडपाठ असतात आणि मी त्यांचं लिहिलेलं आवडीनं वाचते. पण त्यातलं बरंचसं एकाच वाटेनं जातं. नाटकानं ज्याला दोषी ठरवलं त्याला सोडवून आणायचं आणि नायकाला पिंजऱ्यात उभं करायचं. ही वकिली झाली. अनेकांच्या नजरेतून प्रसंग सांगताना ‘बरोबर कोण’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं, की त्या क्षणी कुणाला काय माहीत होतं?

म्हणून मी त्यांना कालिदासाच्या शाकुंतलाचा पाचवा अंक घ्यायला सांगते, जिथे राजा दुष्यंत दरबारात आलेल्या शकुंतलेला ओळखतच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचाच. मला नेहमी वाटतं, त्या रात्री घरी गेलेल्या प्रेक्षकांनी सासरी निघालेली शकुंतला पाहिली, पण दरबारातली नाही. आणि खरी गाठ तर दरबारात आहे.

जिच्यात तुझं मन गुंतलंय तो तुला विसरेल, हा दुर्वासाचा शाप येतो चौथ्या अंकात, पडद्यामागून. तो ऐकतात फक्त शकुंतलेच्या मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदा धावत जाऊन ऋषींची मनधरणी करते. खुणेचा दागिना दाखवला की शाप सुटेल, एवढं पदरात पाडून घेते. मग दोघी ठरवतात, शकुंतलेला काही सांगायचं नाही, तिला सोसायचं नाही. निघताना तिला एवढंच म्हणतात, की राजानं ओळखायला वेळ लावला तर त्याच्या नावाची ही अंगठी दाखव. त्यांचीही लग्नं व्हायची आहेत म्हणून कण्व त्यांना सोबत पाठवत नाहीत. त्या आश्रमातच राहतात.

म्हणजे बघा, हस्तिनापुरात जेवढे समोरासमोर उभे आहेत त्यांतल्या एकालाही शाप ठाऊक नाही. राजाला नाही, शकुंतलेला नाही, तिला सोडायला आश्रमातून आलेल्या वडीलधाऱ्या गौतमीला नाही, कण्वांचे शिष्य शार्ङ्गरव-शारद्वत यांनाही नाही. ठाऊक आहे ते आपल्याला, मंडपात बसलेल्यांना. पालखी होऊन गेलेली, रात्र चढलेली, आणि शकुंतला रिकामं बोट चाचपते तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणीतरी न राहवून ओरडलेलं मी ऐकलंय, “अगो, मुदी उदकांत पडली गो तुजी!” म्हणजे, अंगठी पाण्यात पडली गं तुझी! त्या बाईला जे सांगायचं होतं ते रंगमंचावर सांगणारं कुणीच नव्हतं.

इथे कुणीच खोटं बोलत नाही. म्हणूनच हा प्रसंग पाच जणांनी सांगितला तर पाच खऱ्या गोष्टी होतात. दुष्यंताची बाजू लिहिणाऱ्यानं त्याला लबाड करू नये आणि शापाची ढालही देऊ नये. त्याच्यापुढे एक गर्भवती परस्त्री उभी आहे आणि ती त्याला नवरा म्हणतेय. तो त्याच्या परीनं धर्मच सांभाळतोय. पण कोकिळा आपली पिलं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, हा टोमणा त्याचाच आहे. तो शापानं त्याच्या तोंडात घातलेला नाही. स्मरण गेलं तरी जीभ त्याची होती.

मला सगळ्यात जवळची वाटते गौतमी. तिचं असं काहीसं असेल:

“लाज घटकाभर बाजूला ठेव बाळ, म्हणत मीच तिचा पदर सारला. चेहरा पाहिल्यावर बोलायला काही उरणारच नाही असं मला वाटलं होतं. त्यानं पाहिलं, नीट पाहिलं, आणि विचारात पडला. अंगठी नाही म्हणताच मला आठवलं, शक्रावतारात शचीतीर्थाला वंदन करताना तीच निसटली असणार. आठवलं तसं बोलून गेले. राजा हसला. बायकांना वेळेवर बरं सुचतं, म्हणाला. मी तिला साक्ष द्यायला गेले आणि माझ्याच शब्दानं ती खोटी ठरली.”

गौतमीला शेवटपर्यंत कळत नाही की ती अगदी बरोबर होती. लिहिणाऱ्यानं तिला ते कळू देऊ नये. इथेच मुलं घसरतात. आपल्याला शेवट माहीत असतो, मग पात्रालाही हळूच तो माहीत होतो आणि सगळं सपक होतं.

शार्ङ्गरव अवघड आहे. दुसऱ्याला फसवणं हीच विद्या म्हणून शिकणाऱ्यांचं आता आम्ही खरं मानायचं का, असं राजाला तोंडावर विचारणारा हा तरुण. आणि निघताना शकुंतला रडत मागे येऊ लागली की तिच्यावरच उलटतो. स्वतंत्र व्हायला निघालीस का, तू शुद्ध असशील तर नवऱ्याच्या घरी दासी होऊनही राहा, म्हणतो. तिच्यासाठी भांडणारा आणि तिला दारात टाकून जाणारा माणूस एकच आहे. त्याला मऊ करू नका, काळाही करू नका. असे भाऊ, असे काका आपल्या घरांत आहेत.

आणि प्रतिहारी, राजाची द्वारपालिका! आमच्याकडे हे काम नवख्याला देतात, कारण दंड धरून उभं राहायचं असतं. पण कालिदासानं तिला मनातल्या मनात म्हणायला एक वाक्य दिलंय. आपसूक चालून आलेलं असं रूप पाहून दुसरा कोण विचार करत बसला असता, धन्यांना धर्माची केवढी चाड! शकुंतलेचं आयुष्य मोडत असताना, दोन हातांवर उभी असलेली बाई तेवढ्यात धन्याच्या चारित्र्याचं कौतुक करतेय. तिचं मन वाईट नाही. रोज त्या दारात उभं राहून जे दिसतं ते तिला दिसतंय. मला कुणी या प्रसंगाचं एकच कथन लिहायला सांगितलं तर मी हिचंच लिहीन.

मूळ संस्कृतात राजा आणि शार्ङ्गरव संस्कृत बोलतात, तर शकुंतला, गौतमी, प्रतिहारी प्राकृत. एकाच दरबारात दोन भाषा. घरी कोंकणी आणि रंगमंचावर मराठी बोलणाऱ्या आम्हा गोव्यातल्या लोकांना यात काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा पाचही कथनं एकाच सुबक मराठीत आली की माझा हिरमोड होतो. गौतमीनं शार्ङ्गरवासारखं बोलू नये.

महाभारतातली गोष्ट वेगळी आहे, हेही मुलांना सांगावं. तिथे शाप नाही, अंगठी नाही. शकुंतला मुलाला घेऊन येते, राजाला सगळं आठवत असतं आणि तो लोकांच्या शंकेपायी नाकारतो. तिथे राजाच्या बाजूनं लिहिणं म्हणजे जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याच्या मनात शिरणं. ती दुसरीच परीक्षा आहे आणि दोन्ही दुष्यंत एकमेकांत मिसळले तर काहीच हाती लागत नाही.

पुढच्या अंकातला कोळी मात्र अजून कुणी लिहिलेला मी पाहिला नाही. त्याला रोहू माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि राजाचे शिपाई त्याला चोर म्हणून बांधून मारतात. पुढे राजा बक्षीस देतो. त्यातलं अर्धं तो त्याच शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे जातात. त्याला ना शाप ठाऊक, ना शकुंतला. अंगठी पाहून राजाच्या मनात काय झालं हेही तो शिपायांकडूनच ऐकतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं हे लिहावं, मासळीचा आणि पोलिसांचा अनुभव असलेल्यानं. लिहिलंत तर इथेच खाली टाका, मी वाचायला बसलेय.