वर्गातलं ‘तसलं’ मूल कसं घालवावं

आपल्या पाल्याच्या वर्गात ऑटिझम असलेलं मूल आलंय? घाबरू नका. मागच्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांच्या वर्गातल्या पालकांनी जे केलं, तेवढं केलंत की झालं.

सुरुवात ‘आमचा विरोध नाहीच’ अशी करावी.

२ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, मुलांना निळे टी-शर्ट घालून पाठवावं, फोटो ग्रुपवर टाकावेत. ‘त्या मुलाला वर्गातून काढा’ असा सह्यांचा अर्ज त्याच ग्रुपवर फिरवावा.

घंटा झाल्यावर आमच्या ऑटिस्टिक मुलाने कान दाबून किंचाळलं तर ‘हिंसक’ लिहावं. तुमच्या बबड्याने डबा फेकून मारला तर तो खोडकर.

मग सांगावं, ‘त्याच्याच भल्यासाठी, स्पेशल स्कूल बघा.’ थेरपिस्ट असायची गरज नाही, बडोद्याच्या रावपुऱ्यात दुकान असलं तरी चालतं. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारं माणूस, ठेवू म्हटलं तर ‘खर्च शाळेवर नको’. आम्ही पैसे भरायला तयार झालो तर ‘वर्गात परकं माणूस नको’. बबड्याचे मार्क गेल्या वर्षी मोबाइलमुळे कमी आले होते, यंदा आमच्या मुलामुळे! अहो, विशेष शाळा आम्ही बघितल्यात. काही मुलांना तीच मानवते, आणि ते त्यांचे आईबाप ठरवतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार सरकारमान्य शाळेला अशा मुलांना प्रवेश नाकारता येत नाही. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्या मुलाची. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पप्पांची सही त्यात कुठेच लागत नाही.

आणि हो, सयाजीरावांच्या जयंतीला भाषण जरूर ठोका. महाराजांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा केवढा अभिमान आपल्याला! शंभर वर्षं उलटून गेल्यावर त्याच शहरात आपण एका पोराला वर्गाबाहेर काढायला सह्या गोळा करतोय.

बाईंची अडचण खरी आहे. एवढ्या मुलांत त्या एकट्या काय काय बघणार? मग अर्ज करायचाच होता, तर विशेष शिक्षक द्या म्हणून करायचा होता. पहिली सही मी केली असती. ते सुचलं नाही, कारण तुम्हाला मदत नको होती, मूल नको होतं. लाज वाटायला हवी.

शनिवारी मीटिंगला येतेय. ग्रुपवर लिहिलंत ते माझ्या तोंडावर बोला. फक्त आधी ‘वहिनी, वाईट वाटून घेऊ नका’ म्हणू नका. वाटलंय.