पंक्चर निघेपर्यंत

आमच्या फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक गेल्या रविवारपासून नाहीसं झालंय. त्याच्या आधाराने लटकणारं विजेचं बिल आता रोज सकाळी जमिनीवर सापडतं. बायको ते उचलते आणि काही न बोलता माझ्या चहाच्या कपाखाली ठेवते. तिचं न बोलणं फार सविस्तर असतं.

झालं एवढंच, की मला एक जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढतात अशी गाडी, घ्यायचीय. घ्यायची, तिच्या टपावर तंबू बसवायचा, मागे पाण्याची टाकी, शेगडी, दोन खुर्च्या, आणि इंदूरहून निघून थेट स्पितीत काझाला जाऊन चहा करायचा. बायको म्हणते, चहा घरीही होतो. शिवाय आपण अजून जनापावच्या टेकडीवरसुद्धा गेलेलो नाही, जे घरापासून पन्नास किलोमीटरवरही नाही आणि जिथे वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. डांबरी रस्ता आहे म्हणूनच गेलो नाही, हे तिला कसं सांगणार?

सहा महिने मी अभ्यास केला. नुसता नाही, वहीत, रकाने पाडून. थार, जुनी बोलेरो फोर बाय फोर, स्कॉर्पिओ, सफारी, पजेरो आणि जिप्सी. कोणती शिडीसारख्या चासीवर आहे, कोणत्या गाडीला खरा लो गिअर, म्हणजे चढा-चिखलासाठीचा छोटा गिअर आहे, कोणाचे पार्ट इथल्या सियागंज बाजारात मिळतील आणि कोणाचे जपानहून मागवताना दोन पगार जातील. दिल्लीच्या गाड्या स्वस्त पडतात. तिथे हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडची धडधाकट डिझेल जनावरं एनओसी घेऊन आपल्याकडे येताहेत. पण त्यात मीटर मागे फिरवलेल्या गाड्याही येतात. एका सफारीचं मीटर म्हणत होतं बेचाळीस हजार किलोमीटर. तिच्या क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. बेचाळीस हजारांत एवढं रबर झिजवायचं तर चालवणारा क्लचवर उभा राहूनच गेला असणार.

शेवटी मन जिप्सीवर बसलं. १९८५ साली आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १३०० चं आलं, आणि २०१९ पासून सामान्य गिऱ्हाइकाला नवी मिळत नाही. चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा. म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीचा विचार कुणी केलेला नाही, पण कुठल्याही गावातला लोहार ते दुरुस्त करू शकतो. वजनाला हलकी, चिखलातून निघते. टाकी चाळीस लिटरची, हा मात्र घोळ. मनाली ते काझा दोनशे किलोमीटर, मध्ये पंप नाही, आणि ही बया चढावर किती पिते ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणजे कॅन आले. कॅनचं वजन, पाण्याचं वजन, तंबूचं साठेक किलो. वहीत ही बेरीज करताना मी एका ओळीत बायकोचंही वजन लिहिलं होतं. ती वही तिच्या हाती लागली. तो भाग सोडून देतो.

तर गेल्या रविवारी देवास नाक्याच्या पुढे, एका गोदामाच्या मागच्या आवारात, मी एक हिरवी जिप्सी पाहायला गेलो. फौजेच्या लिलावातली, ताडपत्रीच्या टपाची. शेजारी पंक्चरचं दुकान, समोर पोहे-जलेबीचा ठेला, वरून ऑगस्टची रिपरिप. मी पांढरा शर्ट घातला होता. का घातला होता, हे मला पुढच्या सात दिवसांत तीन वेळा विचारण्यात आलंय. पैशाचा व्यवहार करायला माणूस नीट कपड्यात जातो, एवढंच माझं उत्तर आहे.

गाडीपाशी दोन माणसं उभी होती. एक विकणारा. दुसरे साठीच्या पुढचे, अंगात बंडी, खाली पॅन्ट, हातात पोह्यांचा द्रोण. त्यांना मी मनात बंडीकाका म्हटलं आणि विकणाऱ्याचा मिस्त्री समजलो. आता हे लक्षात घ्या, की विकणारा त्याच क्षणी त्यांना माझा मिस्त्री समजला होता. पुढचं सगळं त्यातून झालं.

"बोनट उघडा," काका म्हणाले. हिंदीत म्हणाले, पण असं म्हणाले की मीच पुढे होऊन उघडलं. त्यांनी ऑइलची पट्टी काढली, पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याने पिवळ्या झालेल्या बोटांनी पुसली, हुंगली आणि म्हणाले, "परवाचं तेल आहे."

विकणाऱ्याचा चेहरा पडला. "हां भिया, परसों ही बदला है."

इथे माझी खात्री झाली की माणूस जाणकार आहे. माझ्या जागी कोणीही फसला असता. नंतर मी फार विचार केला, तेव्हा कळलं की विकायला काढलेल्या प्रत्येक गाडीचं तेल परवाच बदललेलं असतं. पण त्या वेळी मी वही मिटली आणि खिशात टाकली. सहा महिन्यांची वही, एका हुंगण्यासरशी.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. हात ओले म्हणून स्पीकरवर घेतला. "अहो, किती वेळ?"

काकांनी द्रोण बोनटवर ठेवला. "अरे, तुम्ही मराठी? आधी सांगायचं ना! वहिनी, काही काळजी करू नका, मी आहे इथे."

"बरं झालं बाई," फोनमधून आवाज आला. "यांना काही कळत नाही हो."

"ते दिसतंच आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, लोहचुंबक आणलंय का. मी आणलं होतं! पत्रा जिथे ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही, ही माझ्या वहीतली पहिल्या पानावरची गोष्ट. मी खिशातून आंबा काढला. काकांनी तो घेतला आणि दारावर, मडगार्डवर, बोनटवर टेकवत निघाले. चिकटला की "हूं", घसरला की "लांबी". असं करत ते मागे पोचले आणि त्यांनी आंबा टपावर लावला. पडला. उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"इथे तर पूर्ण लांबी आहे," काका म्हणाले.

काका, ती ताडपत्री आहे, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. विकणाराही म्हणाला नाही. त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, "थोड़ा काम हुआ है उधर." अहो, कापडावर! तीन प्रौढ माणसं पावसात उभी राहून एका कापडाला लांबी भरलेली आहे, यावर एकमत करतात, आणि त्यातला एक मी.

त्यानंतर काकांनी जोंगाची गोष्ट काढली. आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरला बनायची. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, म्हणून जोंगा. मूळ निसानची, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जवळजवळ चार लिटरचं. १९९९ मध्ये बंद झाली. हे सगळं त्यांनी अचूक सांगितलं, आणि हेच मला आजपर्यंत छळतंय. ज्या माणसाला जोंगाची जन्मपत्रिका पाठ आहे, त्याला ताडपत्री कळू नये?

"जोंगा घ्या," ते म्हणाले.

"आहे का कुठे?"

"नाही. पण घ्यायची तर जोंगा."

आता फोर बाय फोर तपासायची पाळी आली. आणि हे स्वच्छ शहर असल्यामुळे इथे चिखल मिळत नाही. पहिल्या नंबराचं शहर म्हणवून घेता घेता महापालिकेने रस्ते असे धुऊन काढलेत, की अस्सल फोर बाय फोरला पाय ठेवायला जागा उरलेली नाही. डांबरावर ती चालवून पाहायची सोय नाही. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी बांधली जातात, वळणावर पुढच्यांना जास्त पळायचं असतं, ते जमत नाही आणि सगळी साखळी आवळली जाऊन गाडी अडते. म्हणून गोदामामागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. काळी माती. माळव्याची काळी माती पावसाळ्यात टायरच्या नक्षीत भरते आणि टायरचा गुळगुळीत गोटा करून टाकते. गहू छान येतो तिच्यात, ते वेगळं.

या जिप्सीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब होते. ते फिरवून लॉक केल्याशिवाय आतला गिअर कितीही टाका, पुढची चाकं नुसती सोबत येतात, ओढत नाहीत. वहीतलं चौदावं पान. मी खाली वाकलो, हबला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला:

"त्याला हात लावू नका! हवा निघून जाईल."

मी हात काढून घेतला.

मला माहीत होतं. मला शंभर टक्के माहीत होतं की त्याचा हवेशी संबंध नाही. तरी मी हात काढून घेतला. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बंडी घातलेला माणूस ठाम आवाजात बोलला की माझ्या हाडांतला चौथीचा विद्यार्थी उठून उभा राहतो.

विकणारा स्टिअरिंगवर बसला, छोटा गिअर टाकला, वीस फूट गेला आणि रुतला. मागची चाकं भिंगरीसारखी, पुढची स्वस्थ. काका माझ्याकडे वळले आणि हळहळून म्हणाले, "गेलंय. फोर बाय फोर गेलंय हिचं."

"काका, हब लॉक नाहीयेत."

"अहो, ते गेल्यावर लॉक करून काय उपयोग?"

मग ढकलायची वेळ आली. विकणारा आत, काका सूचना देत बाजूला, ढकलायला मी. कुठे उभा राहिलो असेन? मागच्या चाकाच्या बरोबर मागे. वहीत यावर पान नव्हतं. पहिल्याच जोरात पांढऱ्या शर्टाचा आणि माझा निकाल लागला. दात घट्ट मिटलेले होते म्हणून मातीची चव कळली नाही. शेवटी मी तसाच, डोळ्यांवरचा चिखल पुसत, कुणालाही न विचारता पुढे गेलो, दोन्ही हब फिरवले आणि ओरडलो, "आता टाक!" गाडी म्हशीसारखी हुंकारली आणि निवांत बाहेर आली.

आयुष्यातला माझा एकमेव तांत्रिक विजय. टाळ्या नकोत, पण निदान एक "वा"? काका म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, गाडीत दम आहे."

इतक्यात शेजारून आरोळी आली, "चाचा, हो गया!" काकांनी घड्याळ पाहिलं. "चला, निघालं माझं पंक्चर."

"म्हणजे?" मी.

"स्कूटरचं. तेवढ्यासाठीच थांबलो होतो."

"पण तुम्ही यांचे मिस्त्री ना?"

"मैं तो समझा आपके हैं," विकणारा म्हणाला.

काका हसले. एलआयसीतून रिटायर झालोय म्हणाले, राजेंद्र नगरला राहतो, या कधी. आणि गेले.

इथपर्यंत मी हसलो असतो. खरंच. पण त्यानंतर भावाचं बोलणं निघालं. फोनवर दोन पंच्याहत्तर ठरले होते. विकणारा म्हणाला, तीन दहा. का? तर म्हणे, मी ढकलत होतो तेव्हा काकांनी खिडकीत वाकून त्याच्या कानात सांगितलं, "यह आदमी गाड़ी लेगा ही. जो इस हाल में भी धक्का मार रहा है, वो छोड़ेगा नहीं." पस्तीस हजार! एका वाक्याचे. आणि वाईट हे, की ते वाक्य तेवढं खरं होतं.

मी घेतली नाही. हट्टाने नाही घेतली. आणि घेऊन तरी काय मोठं बांधणार होतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत मुळातून बदल करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढचा बुल गार्ड तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच बंद. म्हणजे स्वप्नातल्या गाडीतून कायद्याला नको ते वजा केलं, की उरतात दोन खुर्च्या आणि शेगडी. आणि तरीही शहरात रोज हातभर रुंद टायर लावलेल्या, फटाके फोडणाऱ्या थार माझ्या कानाशी येऊन हॉर्न वाजवतात. त्यांना कोणी विचारत नाही. मला साधा टपावर तंबू लावायचा तर मी आरटीओच्या खिडकीवर जाऊन विचारलं, आणि तिथल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, की कायदा विचारून पाळणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. म्हणाला, "लगा लो ना, पूछ क्यों रहे हो?" पुढे कोणी अडवलं तर हे वाक्य मी कुठल्या कागदावर दाखवायचं?

घरी आलो. शर्ट दोनदा भिजवून झाला, काळ्या मातीवर कुठल्याच साबणाचं काही चालत नाही. बायको म्हणाली, "ते काका चांगले वाटले हो. त्यांना विचारूनच घ्या." तेव्हाच लक्षात आलं, की आंबा त्यांच्याकडेच राहिला. बंडीच्या खिशात.

सोमवारी ऑफिसातून वाट वाकडी करून पंक्चरच्या दुकानात गेलो. गुरुवारी पुन्हा गेलो. पोऱ्या टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी विचारलं, त्या दिवशीचे ते बंडीवाले, स्कूटरवाले, परत आले होते का?

"नहीं आए," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट पाहत, "उनके पंक्चर के साठ रुपये बाकी हैं. बोल के गए थे, वो जिप्सीवाला अपना ही आदमी है, दे देगा."

मी साठ रुपये दिले.