‘कॅन’चे रेकॉर्ड एका दमात वाजवून जसेच्या तसे छापलेले नाहीत

जर्मनीच्या कोलोन शहरातील ‘कॅन’ या प्रायोगिक रॉक बँडबद्दल, त्यांचे सुरुवातीचे रेकॉर्ड म्हणजे कलाकारांनी एका दमात उत्स्फूर्तपणे वाजवलेले आणि कोणतीही काटछाट न करता छापलेले संगीत, असा दावा सध्या सर्रास फिरतो आहे. त्यातला उत्स्फूर्ततेचा भाग खरा आहे. काटछाट नसल्याचा भाग मात्र साफ चुकीचा आहे, आणि त्यामुळे बँडचे बास वादक होल्गर चुकाय यांच्या कामावर अन्याय होतो.

१९७१ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅन’चा ‘टागो मागो’ हा अल्बम कोलोनजवळच्या नॉर्वेनिश येथील गढीत ध्वनिमुद्रित झाला. तेथे तासन्‌तास वादन चाले आणि ते दोन ट्रॅकच्या टेपवर उतरवले जाई. अशा टेपवर ड्रम, गिटार आणि आवाज एकत्रच मिसळलेले असल्याने एकेका वाद्याची पातळी नंतर बदलता येत नसे. म्हणून माइक कुठे ठेवायचा आणि कोणी किती जोरात वाजवायचे, हे आधीच ठरवावे लागे. पुढचे काम ब्लेडचे होते. चुकाय टेप कापून निवडक तुकडे चिकटपट्टीने जोडत. याकी लीबेत्साइट यांचा ड्रमवरील ठेका इतका स्थिर असे, की सांधा सहसा कानाला जाणवत नाही. चुकाय हे जर्मन संगीतकार श्टॉकहाउझन यांचे विद्यार्थी होते. टेप कापून संगीतरचना करण्याची रीत त्यांना तेव्हापासून परिचित होती, आणि माझ्या मते या रेकॉर्डची खरी रचना टेप कापण्याच्या टेबलावरच झाली.