‘निशिकासाईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निशिकासाईकर, नमस्कार.

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. मागच्या लेखात मी जपानच्या ग्रामीण शाळांमधल्या शिक्षकखोलीबद्दल आणि तिथे परदेशी शिक्षकाला येणाऱ्या एकटेपणाबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

“ताई, लेख वाचला. जपान सरकारच्या पैशावर दोन-चार वर्षं खेड्यात मजा मारायची, वर्गात कार्डं नाचवायची आणि परत येऊन एकटेपणाचे गळे काढायचे, ही आता फॅशनच झाली आहे. जपानी शिक्षक किती राबतात याची कल्पना तरी आहे का? खरा जपान बघायचा असेल तर इथे कायमची नोकरी करून, मुलं इथल्या शाळेत घालून बघा. भाषा नीट शिकला असतात तर कोणी एकटं पाडलं नसतं. पुराणिकांकडे बघा, निवडून आले, मुख्याध्यापक झाले. शाळेत सफाईला माणूसच नसतो हे तर साफ चूक. आणि शाकाहारी जेवणाचं रडगाणं पुरे, सगळं मिळतं. मोठ्या व्हा.”

सुरुवात ‘ताई’ने आणि शेवट ‘मोठ्या व्हा’ने. मध्ये मजा मारणं, नाचवणं, गळे काढणं. यातली प्रत्येक हरकत साध्या शब्दांत घेता आली असती, आणि मीही साध्या शब्दांत उत्तर दिलं असतं. टोकियोतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आपली गाठ पडली असती, तर ओळखपाळख नसलेल्या बाईला तुम्ही प्रसाद हातात घेऊन ‘मोठ्या व्हा’ म्हणाला असतात का? मला नाही वाटत. मग इथे का म्हणता? तुमचं नाव नाही, चेहरा नाही, टोपणनावात फक्त राहण्याचं ठिकाण आहे: निशिकासाई, टोकियोतली भारतीयांची वस्ती. मी माझ्या नावाने लिहिते, चुकले तर माझ्या नावावर चुकते. बोलताना एवढा फरक लक्षात ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. जपानी शाळेत योमुइन नावाचा कर्मचारी असतो. तो बाग बघतो, दिवे-नळ दुरुस्त करतो. ‘सफाईला माणूसच नसतो’ हे वाक्य मी ‘वर्ग, जिने आणि संडास मुलंच झाडतात-पुसतात’ असं करते आहे. लेखात बदल केला आहे. धन्यवाद.

आता ‘जपान सरकारच्या पैशावर मजा’ याबद्दल. बाकीचं सोडून देता आलं असतं, पण हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

मी जपानला गेले ती जेट या कार्यक्रमातून. तो १९८७ पासून चालू आहे आणि परदेशी पदवीधरांना सहायक भाषा शिक्षक, म्हणजे एएलटी, म्हणून जपानच्या शाळांत पाठवतो. पगार ज्या गावात किंवा शहरात तुम्ही काम करता तिथली स्थानिक संस्था देते. माझ्या वेळी पहिल्या वर्षाचा करार ३३,६०,००० येनचा होता. त्यातून आरोग्य विमा, पेन्शन आणि घरभाडं जायचं, आणि दुसऱ्या वर्षी रहिवासी कर सुरू झाला की हातात येणारी रक्कम आणखी कमी व्हायची. उरलेल्यातून मी पुण्यातलं शैक्षणिक कर्ज फेडलं. विमानाचं तिकीट मिळालं, हे खरं. त्या तिकिटाच्या बदल्यात मी काय केलं ते सांगते, कारण तुम्ही ते ‘कार्डं नाचवायची’ एवढ्यात संपवलं आहे.

शिमाने प्रांतातल्या डोंगराळ भागात माझ्याकडे अनेक शाळा होत्या. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी, असं आठवडाभर फिरायचं. बस दिवसातून मोजक्या वेळाच, म्हणून जुनी केई गाडी, म्हणजे छोट्या इंजिनाची मोटार, घेतली. पहिल्या वर्षी भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. त्यानंतर भारतीय परवाना जपानी करून घेताना तिथल्या परीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते, आणि आपल्याकडे गाडी शिकलेल्या माणसाला ती परीक्षा सोपी जात नाही. हिवाळ्यात बर्फाचे टायर चढवायचे, सकाळी काचेवरचं बर्फ खरवडायचं आणि घाटातून पहिल्या तासाला पोचायचं. शाळेत गेल्यावर बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, सगळ्यांना मोठ्याने नमस्कार करायचा आणि इंग्रजी शिकवायची कार्डं काढायची. हो, कार्डंच.

२०११ मध्ये पाचवी-सहावीला इंग्रजीची तोंडओळख सक्तीची झाली. २०२० पासून त्या वर्गांना तो गुण मिळणारा विषय झाला आणि तोंडओळख खाली तिसरी-चौथीवर आली. तिथल्या प्राथमिक शाळेत बहुतेक विषय वर्गशिक्षकच शिकवतात. पन्नाशीतल्या, आयुष्यभर गणित आणि जपानी शिकवलेल्या बाईंना एके दिवशी सांगितलं गेलं की आता इंग्रजीही तुम्हीच शिकवायचं. मुलांसमोर चुकीचा उच्चार होईल या धास्तीने त्यांचा आवाज बसायचा. अशा बाईंच्या शेजारी उभं राहायचं, त्यांचा मान राखायचा, मुलांना बोलतं करायचं, आणि तास बाईंचाच आहे असं मुलांना वाटलं पाहिजे, हे माझं काम होतं. त्याची तयारी दोन तासिकांमधल्या सुटीत, व्हरांड्यात उभ्याउभ्या, बाई गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा काखेत धरून असताना करावी लागते. तुम्ही ज्याला नाचवणं म्हणता ती कार्डं मी रात्री कापत बसायचे, कारण दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तकातलं पान कुठवर गेलं असेल हे मला तोपर्यंत कोणी सांगितलेलं नसायचं.

एका शाळेत पट इतका कमी होता की पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसायची. जपानमध्ये सलग दोन इयत्तांची मुलं मिळून सोळापेक्षा जास्त होत नसतील तर वर्ग एकत्र करतात, पहिली त्यात असेल तर मर्यादा आठची. शिक्षक एका गटाला काम देऊन दुसऱ्याकडे जातात, परत पहिल्याकडे येतात. या येण्याजाण्याला तिथे ‘वातारी’ म्हणतात. एएलटी म्हणून आलेल्या माझ्या ओळखीच्या मुलामुलींना असा वर्ग पाहून काही सुचायचं नाही. मला पहिल्या दिवसापासून सुचलं.

याचं कारण माझी आई. ती वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत होती. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. दुसरीला पाढे लिहायला लावायचे आणि पहिलीचं वाचन घ्यायचं, मग उलट. गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले की चारही वर्ग तिचे. मी त्याच शाळेत शिकले, तिच्याच हाताखाली, आणि शाळेत तिला ‘आई’ म्हणायची मला परवानगी नव्हती. बहुवर्ग शाळा कशी चालते हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. शिमानेच्या त्या खोलीत, मातीच्या जागी लाकडी जमीन आणि कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, मी आईसारखीच एका गटाकडून दुसऱ्याकडे जायचे. शिक्षकाच्या घरात वाढलेल्या मुलीसमोर तुम्ही शिकवण्याला मजा म्हणता, तेव्हा मला राग येतो. तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही.

‘जपानी शिक्षक किती राबतात याची कल्पना आहे का?’ आहे. मी त्यांच्याच खोलीत बसत होते. २०१८ च्या टॅलिस या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानमधल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, भाग घेतलेल्या सगळ्या देशांत सर्वांत लांब. १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकांना जादा तासांचा मोबदला मिळत नाही. त्याऐवजी माझ्या वेळी पगाराच्या ४ टक्के ठरलेली रक्कम मिळायची, आणि ती अनेक दशकं तेवढीच राहिली होती. उपमुख्याध्यापक सगळ्यांत आधी येतात आणि सगळ्यांत शेवटी दिवे मालवतात. मुलांना जेवण वाढण्याआधी मुख्याध्यापक ते स्वतः खाऊन बघतात, काही बरंवाईट असेल तर आधी त्यांना कळावं म्हणून. दुपारी शिक्षक मुलांबरोबर वर्गातच जेवतात, मग त्यांच्याबरोबर फरशी पुसतात, शाळा सुटल्यावर क्लबांचा सराव, त्यानंतर पालकांचे फोन.

माझा लेख नेमका याबद्दलच होता, आणि तुम्ही तो वाचला असं लिहिलं आहे म्हणून मला आश्चर्य वाटतं. मला कोणी वाईट वागवलं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्या खोलीत कोणाला मान वर करायला वेळ नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या शिक्षिकेशी वर्षभरात कशीबशी ओळख व्हायची, आणि मार्चच्या अखेरीस बदल्यांची यादी लागली की त्या प्रांताच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. एप्रिलमध्ये नवी माणसं यायची आणि पाहुण्याला विचारतात तसं मला चॉपस्टिक्स जमतात का ते विचारायची. माझा करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा. जी व्यक्ती जाणारच हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिला कोणी शाळेच्या पुढच्या वर्षीच्या आखणीत धरत नाही. ऑगस्टमध्ये मुलांना सुटी असायची आणि मी रिकाम्या खोलीत टेबलापाशी बसून राहायचे, कारण रजा शिल्लक नसेल तर हजेरी हवीच. हा एकटेपणा कामाच्या रचनेतून येतो. तो मी भोगला आणि लिहिला. यात कोणता गळा काढला?

‘भाषा नीट शिकला असतात तर.’ मी पुण्यात जपानी शिकले, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री ही मधली पातळी उत्तीर्ण झाले, आणि जेटला जाण्याआधी चाकणच्या एका कारखान्यात जपानी तंत्रज्ञांसाठी दुभाषी म्हणून उभी राहिले, पाळी संपेपर्यंत, यंत्राच्या आवाजात. एएलटीला जपानी यायलाच हवं अशी अटही नसते. हे सगळं माझ्या ब्लॉगवरच्या ओळखीत लिहिलेलं आहे. एक टिचकी मारली असती तर दिसलं असतं.

योगेंद्र पुराणिकांचं नाव तुम्ही घेतलं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पुण्याहून गेलेला माणूस २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून येतो आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो, ही लहान गोष्ट नाही. पण त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलं होतं, आणि मुद्दा तिथेच आहे. परदेशी नागरिकाला सरकारी शाळेची शिक्षक-परीक्षा १९९१ पासून देशभर देता येते. पास झाल्यावरही त्याला साधारणपणे पूर्णवेळ व्याख्याता म्हणून घेतात, पूर्ण शिक्षकाचा दर्जा मिळत नाही, आणि उपमुख्याध्यापक-मुख्याध्यापकपदाची वाट बंदच असते. एएलटी तर याच्याही खालच्या पायरीवर. चोवीस वर्षांच्या, परत येऊन आईजवळ राहायचं असलेल्या मुलीला तुम्ही विचारता की तू मुख्याध्यापक का झाली नाहीस. तिने पासपोर्ट बदलायला हवा होता का? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं.

आणि ‘खरा जपान’. निशिकासाईत भारतीय किराणा आहे, भारतीय शाळा आहे, दिवाळीचा मेळा आहे. तिथे राहून नोकरी करणं आणि संसार उभा करणं कष्टाचं आहे, मी ते हलकं मानत नाही. पण ज्या गावात मी होते तिथे शेवटची शाळासुद्धा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची चर्चा चालू होती. भाताची खाचरं पडीक पडत होती, आजीआजोबा गाडी चालवायचं थांबले की घरात अडकायचे. ही गावंही जपानच आहेत. खरेपणाचा शिक्का टोकियोतल्या एका वॉर्डाकडे कोणी दिला? जेटच्या लोकांत एक वाक्य सारखं ऐकू येतं, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. मी सुरुवातीपासून ‘माझ्या शाळांमध्ये’ असंच लिहिलं आहे. ‘जपानी लोक असे’ असं वाक्य माझ्या लेखात दाखवा, मी काढून टाकते.

मुलं तिथल्या शाळेत घालून बघण्याबद्दल: मला मुलं नाहीत, त्यामुळे त्यावर बोलणं नाही. तो अनुभव तुमचा असेल तर तुम्ही लिहा, मी वाचेन.

शाकाहाराबद्दल: टोकियोत सगळं मिळतं. मी टोकियोत नव्हते. शाळेच्या जेवणात सूपसुद्धा माशाच्या अर्कात असायचं, म्हणून मी डबा न्यायचे, आणि लेखात त्यावर चार ओळी होत्या. चार ओळींना रडगाणं म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणार नाही. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त ‘ताई’ नको आणि ‘मोठ्या व्हा’ही नको. आणि आधी एक सांगा: जपानी शाळेच्या शिक्षकखोलीत, पालक म्हणून पाच मिनिटं नाही, काम करणारा माणूस म्हणून, तुम्ही किती दिवस बसला आहात?