दीड किलो हवा

डबा नवऱ्याच्या मावशीचा, नागपूरचा. दिवाळीत अनारसे भरून आला. अनारसे नवऱ्याने खाल्ले आणि डबा माझ्याकडे राहिला. वाक्यातल्या विभक्ती नीट पाहा.

संक्रांत झाल्यावर मावशींचा फोन. आधी हवापाणी, मग मुलाची परीक्षा, मग माझे गुडघे, आणि ठेवता ठेवता, "बरं, तो डब्बा आहे न तुझ्याकडे? पाचाचा सेट आहे बाई तो. एक नसला की बाकीचे आत खडखड वाजतात." ज्यांना सासर आहे त्यांना सांगायला नको, की हा फोन डब्याबद्दल नसतो. 'तिच्याकडे डबा गेला की गेलाच' ही ओळ एकदा नात्यात फिरली की पुढची वीस लग्नं ती आपल्या आधी कार्यालयात पोचते.

नवरा म्हणाला, "दे ना कुरिअर करून. पन्नासेक रुपये लागतील." त्याने शेवटचं कुरिअर केलं तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'नागपूरला कोणी जाणार आहे का?' तीन अंगठे आले. कशाबद्दल ते कळलं नाही. एकीने येताना संत्रा बर्फी मागवली. एक खरंच जाणारे निघाले, पण विमानाने, सातच किलोची बॅग, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या बहिणीचे दोन डबे परत चालले होते.

मग कुरिअरचं दुकान. डब्याला पोचे पडू नयेत म्हणून मी तो मिक्सरच्या भांड्याच्या खोक्यात घातला होता, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. दुकानातल्या मुलाने वजनकाट्याकडे बघितलंही नाही. त्याने टेप काढली. शिंप्याकडे आल्यासारखं वाटलं. पंचवीस, वीस, वीस. मोबाइलवर गुणाकार केला, पाच हजाराने भागलं आणि म्हणाला, "दोन किलो."

"अहो, घरी काट्यावर जेमतेम सहाशे ग्रॅम भरलं."

"मॅडम, व्हॉल्युमेट्रिक."

हा शब्द तो अशा सुरात म्हणाला, की पुढे बोलणं म्हणजे आपलं शिक्षण उघडं पाडणं. हिशोब तसा खोटा नाही. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, आणि काट्यावरचं वजन नि हे वजन यातलं जे जास्त ते धरायचं. मान्य. पण मला दिसत होतं ते एवढंच की दोनशे साठ रुपये देऊन माझ्या स्वयंपाकघरातली जवळजवळ दीड किलो हवा मी नागपूरला पाठवणार. नागपूरला हवेची टंचाई असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी खोकं उचललं.

म्हणून गुरुवारी ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून अर्धी रजा घेऊन पोस्टात. कुठल्या पोस्टात ते सांगत नाही, मला तिथे परत जायचंय. मी तयारीनिशी गेले होते. स्पीड पोस्टचे ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर चिठ्ठीवर उतरवून घेतले होते: ५०१ ते १००० किलोमीटर, २५० ग्रॅमपर्यंत ६८ रुपये, ५०० पर्यंत ८२, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९६ रुपये ७६ पैसे. सुटे शंभर मुठीत. शंभराच्या आत काम झालं असतं आणि नवऱ्याच्या पन्नासला मी 'जवळजवळ बरोबर होतास हं' असं म्हणण्याइतकं मोठं मन दाखवलं असतं.

रांगेत माझ्या मागे काका उभे होते.

वय सत्तरीपुढचं, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि हातात कापडी पिशवी. त्या पिशवीतून पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत कात्री, चिकटपट्टी, जाड मार्कर, सुतळीचा गुंडा आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान निघालं. हे मला आधी दिसलं असतं तर मी रांग बदलली असती. दुसरी रांग नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"यात काय?" काकांनी विचारलं.

"डबा."

"डब्यात?"

"काही नाही. थोडी साखर."

रिकामा डबा परत करू नये हे मला कोणी शिकवलं आठवत नाही, पण हात आपोआप जातो. मी मूठभर साखर कागदात बांधून आत टाकली होती.

"आणि खोक्यात बाकी?"

"बोळे."

काका हसले. ते हसू मी ओळखते. दहावीला गणिताच्या सरांचं असं होतं. "ताई, तुम्ही खोकं पाठवताय की डबा?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी कात्री काढली. नको नको म्हणेपर्यंत खोकं उघडलं होतं, बोळे बाकावर, आणि काकांनी डबा दोन्ही हातांत धरून ट्यूबलाइटखाली फिरवायला सुरुवात केली होती.

मावशींच्या डब्यावर नाव घातलेलं आहे. ते बारीक ठिपक्याठिपक्यांचं कोरीवकाम, जे करताना भांड्यांच्या दुकानात दाताच्या डॉक्टरकडे यावा तसा आवाज यायचा. कोरणाऱ्याचा जागेचा अंदाज चुकल्यामुळे 'भे' पुढच्या बाजूला आहे आणि 'ट' कडीखाली.

"सौ. कां. मंगल हिस काकांकडून सप्रेम भे," काकांनी मोठ्यांदा वाचलं, डबा फिरवला, "ट. चौदा पाच चौऱ्याऐंशी." मग रांगेला उद्देशून, "चौऱ्याऐंशी सालचा डबा आहे!"

रांगेने डब्याकडे आदराने पाहिलं. मग माझ्याकडे. तो आदर वाटेत कुठेतरी गळला होता.

"मंगल म्हणजे?"

"मावशी."

"माहेरची की सासरची?"

आता हा प्रश्न पोस्टाच्या कुठल्या फॉर्मवर आहे? पण मी उत्तर दिलं. माणूस रांगेत उभा राहिला की शाळकरी होतो. म्हटलं, "सासरची." आणि काका, काकांच्या मागची पोलिओ डोसाला आल्यासारखं बाळ घेऊन उभी असलेली बाई आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा घेतलेले एक गृहस्थ, तिघंही एका सुरात म्हणाले, "अ च् छा."

तो 'अच्छा' माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कारण खरं सांगायचं तर मिरजेच्या माझ्या मावशीचा डबा असता तर मी दोनशे साठ रुपये दिले असते का? दिले असते. कुरकुरले असते, पण दिले असते. हे माझं मला माहीत असणं वेगळं आणि तीन अनोळखी माणसांनी एका स्वरात सांगणं वेगळं.

तेवढ्यात काकांना पत्ता दिसला. "हे काय, ४००? नागपूर ४४० ना! पहिले तीन आकडे ४०० म्हणजे मुंबई-ठाणे. डबा फिरून तुमच्याच दारात आला असता." चूक माझीच होती. वर्षानुवर्षं स्वतःचा पिन लिहून हात ४०० वरच जातो. मी मनापासून आभार मानले आणि तिथेच घात झाला, कारण काकांना आता रीतसर परवाना मिळाला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस, संस्कृतचे कवी. देशाचे आठ भाग, नऊ हा आकडा लष्कराचा. तिथून मागे, १८५४: अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र कंपनीच्या मुलखात कुठेही, अंतर बघायचंच नाही. तिथून आणखी एक वर्ष मागे, कारण ठाणेकर माणूस १८५३ च्या इतका जवळ आला आणि आगगाडीत बसला नाही असं होत नाही. मी म्हटलं, "काका, पहिली गाडी ठाण्याला आली, डबा ठाण्यातून जात नाहीये." कोणी हसलं नाही.

दिवाळी अंकवाल्या गृहस्थांचं वेगळंच दुखणं. पुस्तकं पाठवायचं जुनं स्वस्त बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, मग मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ते त्याच आशेवर आले होते. काकांनी खिडकीवर पोचायच्या आधीच निकाल दिला, "अंकात जाहिराती आहेत? मग नाही चालणार." गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो, जाहिरातींशिवाय दिवाळी अंक निघतो का?" मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच फिरत होतं: पाच किलो ज्ञान शंभर रुपयांत जातं आणि माझा रिकामा डबा जात नाही.

खिडकीवरच्या मॅडम तरुण होत्या, कामाला चटपटीत, आणि त्यांची यात काहीही चूक नाही. त्यांनी डबा काट्यावर ठेवला. तोवर काकांनी तो मे महिन्यात गुंडाळला होता, फक्त वरचं तोंड उघडं. ५१२ ग्रॅम.

"पाचशेच्या वर गेलं," मॅडम म्हणाल्या. "पुढचा टप्पा लागेल."

मी चिठ्ठी पुढे केली. "पाचशेपर्यंत ब्याऐंशी ना?"

"तो कागदपत्रांचा दर आहे. डबा म्हणजे डॉक्युमेंट नाही, पार्सल. वेगळा दर."

मी शांतपणे मान्य करणार होते, पण काका पुढे सरसावले. "मजकूर आहे त्याच्यावर! दिनांक आहे, देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं नाव आहे. याहून डॉक्युमेंट काय असतं?" हे ते विनोदाने म्हणत नव्हते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 'हे तुमच्याबरोबर आहेत का' असं त्या नजरेत होतं. मी पंचेचाळीस मिनिटांत कमावलेली सगळी लाज एकवटून मान हलवली: नाही.

"आत काय आहे?"

"साखर," काकांनीच सांगितलं. "बारा ग्रॅमसाठी अडलंय ना? काढा ती."

"काका, रिकामा डबा—"

"शास्त्र डबा समोरासमोर देताना. पोस्टाला शास्त्र नाही."

आणि त्यांनी डब्यात हात घालून पुडी काढली. ती नुसती टाकायची कशी, अन्न आहे. म्हणून त्यांनी ती वाटली. पोस्टात, रांगेत, उजव्या तळहातावर, तीर्थप्रसादासारखी. बाळवाल्या बाईने घेतली, बाळाला चाटवली. दिवाळी अंकवाल्यांनी घेतली, बहुधा दुःखात. आधार अपडेट करायला आलेल्या दोन मुलांनी कशाबद्दल आहे ते न विचारता घेतली आणि एकाने डोक्यालाही हात लावला. मॅडमनी आतून नको म्हटलं. मला मिळाली चिमूटभर, शेवटची, माझ्याच घरची.

डबा ४७० भरला. काकांनी मे महिना चिकटवला, सुतळी आवळली, मार्करने पत्ता माझ्याहून सुंदर अक्षरात लिहिला. मग घड्याळ पाहून म्हणाले, "चला, माझी खिडकी उघडली असेल." त्यांना काही पाठवायचंच नव्हतं. ते पासबुक भरायला आले होते. ती खिडकी जेवणानंतर उघडायची होती, आणि माझ्या रांगेवर पंखा होता.

पावतीवरचा आकडा मी घरी सांगितला नाही. पन्नास नव्हता. शंभराच्या आतही नव्हता. त्यात जाता-येता रिक्षा, मीटर पडतो तोच २६ वर. शिवाय अर्धी रजा, जिचा दर कुठल्याच तक्त्यात नसतो. नवऱ्याला संध्याकाळी म्हटलं, पाठवला. तो म्हणाला, "बघ, झालं की नाही? उगाच डोक्याला ताप करून घेतेस." तो हे बोलला तेव्हा जेवत होता आणि शेवयांची खीर माझ्या आईकडून आलेल्या डब्यातली होती. तो डबा मी धुतला, पुसला, आणि शनिवारी डोंबिवलीला लोकलने नेऊन देणार आहे. तिन्ही कामांत त्याचा काही संबंध नाही. आमच्या घरात आजवर किती डबे आले आणि किती परत गेले हे त्याला विचारा. त्याला वाटतं डबे आपापले जातात, संध्याकाळी गाई घरी जातात तसे.

सोमवारी मावशींचा फोन आला. डबा पोचला होता, पोचा नाही, काही नाही. पॅकिंग पाहून त्या खूशच होत्या, कोणी केलं म्हणाल्या. मी म्हटलं, मीच.

"चांगलं केलं बाई. पण एक सांगू का? राग नको मानू. रिकामाच धाडला न तू?"

मी साखरेचं सांगायला लागले. काटा, बारा ग्रॅम, काका, प्रसाद. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"असू दे, असू दे," मावशी म्हणाल्या. "पण रिकामा डब्बा घरात ठेववत नाही मला. शेजारचा पोरगा शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतो आहे, त्याच्याजवळ देते. शनिवारी सकाळी ठाण्याले उतरते तो. अनारसे आवडले होते न तुमच्याकडं?"