मेंटेनन्स अडवून धरणाऱ्या सभासदांसाठी

डोंबिवलीतल्या आमच्या ३२ सदनिकांच्या सोसायटीचा मी सहा वर्षे खजिनदार होतो. त्या काळात थकबाकीदारांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, "आधी माझ्या छताची गळती थांबवा, मग मेंटेनन्स मागायला या." गळतीचा त्रास खरा होता. गच्चीतून झिरपणारे पाणी थांबवण्याचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सोसायटीने करायचा असतो, आणि आमच्या समितीने त्या कामात दोन पावसाळे घालवले, ही आमची चूकच होती. तरीही त्यासाठी दरमहाचे पैसे अडवून धरणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

सोसायटीला सभासदांच्या वर्गणीपलीकडे सांगण्यासारखे उत्पन्न नसते. पाण्याचे बिल, जिन्यातले दिवे, पंप, रखवालदाराचा पगार, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा), सारे त्याच पैशातून भागते. एका वर्षी सात जणांची थकबाकी एकाच वेळी साचली, लिफ्टच्या देखभालीचा करार वेळेवर नूतनीकृत करता आला नाही आणि लिफ्ट अकरा दिवस बंद राहिली. चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांना डायलिसिससाठी जायचे असे, तेव्हा इमारतीतली मुले त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणत. त्या आजोबांनी एकही बिल कधी थकवले नव्हते. समितीवरच्या रागाची झळ त्यांना लागली, हे मी अजून विसरू शकलेलो नाही.

थकवणाऱ्याचे स्वतःचे नुकसानही बहुतेकांना फार उशिरा कळते. उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभा थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज ठरवू शकते. महिना ३,५०० रुपये तीन वर्षे भरलेच नाहीत, तर मुद्दल १,२६,००० रुपये होते आणि या दराने व्याज सुमारे ३८,५०० रुपये होते. थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला व्यवस्थापक समितीची निवडणूक लढवता येत नाही; म्हणजे ज्या कारभारावर तो चिडलेला असतो, तो स्वतः हाती घेऊन सुधारण्याची वाटच बंद होते. घर विकताना येणे बाकी असेल, तर हस्तांतरणाचा अर्ज तिथेच अडतो.

याहून पुढची पायरी वसुली दाखल्याची, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या सरकारी आदेशाची. पूर्वी गृहनिर्माण संस्था त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली जात असत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी कलम १५४ब-२९ आहे. सोसायटी बिले, नोटिसा, ठराव आणि खातेउतारा जोडून सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते, सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आणि दाखला निघाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. त्यात जप्ती आणि शेवटी लिलावही येतो. मुदतीत भरलेल्या काही हजारांनी जे टळले असते, ते अशा टोकाला जावे, याचे मला फार वाईट वाटते.

समित्यांनाही तितक्याच कळकळीने सांगायचे आहे. थकबाकीदाराचे पाणी तोडू नका आणि त्याच्या मुलांना आवारात खेळायला अडवू नका. वसुलीसाठी कायद्याने मार्ग दिलेला असताना कुणाच्या घरातला नळ कोरडा करणे मला अमानुष वाटते, आणि त्याने वसुलीही होत नाही. नोटीस लेखी द्यावी, हिशेब मागितला की दाखवावा, आणि नोकरी गेल्यामुळे किंवा आजारपणामुळे ज्याचे खरोखर थकले आहे, त्याला हप्ते बांधून देण्याचा विषय सभेपुढे न्यावा. आमच्याकडे टाळेबंदीच्या काळात दोन कुटुंबांना असे हप्ते दिले आणि दोघांनीही शेवटचा रुपया भरला.

ज्यांची तक्रार खरी आहे त्यांनी ती लेखी द्यावी, पोच घ्यावी, वार्षिक सभेत विषय मांडावा, आणि तरीही हालचाल नसेल तर उपनिबंधकांकडे जावे. बिलाबाबत वाद असेल, तर निषेध नोंदवून रक्कम भरावी. त्याने तक्रारीचा हक्क जात नाही आणि व्याजही चढत नाही. आमच्या त्या गळतीचे काम अखेर याच वाटेने झाले. वरच्या मजल्यावरच्या एका ताईंनी सगळी बिले भरून हातात पावत्या घेऊन सभेत प्रश्न विचारला, तेव्हा आम्हा समितीवाल्यांपैकी कुणाकडेही उत्तर नव्हते, आणि वॉटरप्रूफिंगचा ठराव त्याच सभेत मंजूर झाला.