यंदाची वर्गणी पोरांच्या टीमला

परवा तालमीत फुटबॉलच्या जुन्या किटची पेटी उघडली. फाटक्या जर्सी, एकेकटे शिनगार्ड, आणि तळाशी चामड्याचा दोरीवाला बॉल. ब्लॅडर कधीच गेलेलं. आबांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं दोरी चाचपली आणि म्हणाले, "पावसात भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा. हेड मारला की कपाळावर दोरीचा वण." आबा आमचे जुने लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या बाजूनं चढाई करणारे. आजही चारची मॅच असली की दोनलाच शाहू स्टेडियमवर जागा धरून बसतात.

बाहेरगावच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात फुटबॉलचा क्लब बहुतेक करून तालीमच असते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमी घुमायला लागल्या आणि पुढं त्याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ... नावातच सगळा इतिहास आहे. आमची तालीम यांच्याएवढी मोठी नाही. पण गणपती तीच बसवते, शिवजयंती तीच करते, २०१९च्या महापुरात घराघरांत जेवणाचे डबे तिनंच पोचवले आणि सीझनला अकरा पोरं मैदानात तीच उतरवते. म्हणून टीम हरली की अख्ख्या गल्लीत त्या रात्री कुणाला जेवण जात नाही.

पुण्यात काय झालं ते आपण पाहिलंय. पुणे एफसी आली, डीएसके शिवाजीयन्स आली, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, एफसी पुणे सिटी आली. पैसा होता, परदेशी कोच होते. २०१९ उजाडेपर्यंत तिन्ही सीनियर टीम मैदानातून गेल्या होत्या किंवा जायच्या वाटेवर होत्या. आमच्या तालमीकडं कधीच पैसा नव्हता, तरी ती आहे. कारण ती कुणा मालकाची नाही, पेठेची आहे.

आता जे बोलायचंय ते बोलतो. मी याच तालमीचा कार्यकर्ता आहे, म्हणून हक्कानं बोलतो.

गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनीच बाहेरचे खेळाडू आणायचा सपाटा लावलाय. आमच्याकडं एका सीझनला दारोदार फिरून गोळा केलेली निम्मी वर्गणी एकाच स्ट्रायकरवर गेली. पाच मॅचनंतर त्याचा गुडघा गेला आणि तोही गेला. त्याच्यावर माझा राग नाही, पोटासाठी खेळणारा माणूस आहे. पण त्याच वर्षी आपल्या गल्लीतला चौदा वर्षांचा पोरगा थोरल्या भावाचे शूज पुढं कापूस कोंबून घालत होता. मी स्वतः पाहिलंय. त्याला शूज घ्यायला आपल्याकडं पैसे उरले नव्हते.

अनिकेत जाधव आठवतो ना? २०१७च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या टीममध्ये आपला कोल्हापूरचा पोरगा होता. रिक्षाचालकाचा मुलगा. त्या दिवसांत चौकाचौकांत टीव्ही लावून मॅच बघितल्या आपण. पण तो घडला पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत. पोरगं आपल्या मातीतलं, पण रोज शिकवणारी व्यवस्था पुण्याची. ही गोष्ट मला आजही टोचते.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमानं त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. अट एकच, पोरगा त्या त्या वर्षी त्या क्लबच्या नावावर रीतसर नोंदलेला पाहिजे. आपली पोरं दहा-दहा वर्षं तालमीच्या कट्ट्यावर वाढतात आणि कागदावर कुठंच नसतात. उद्या आपला कुणी बाहेर देशी गेलाच, तर पेठेचं नाव त्या कागदावर नसेल. पैशाचं सोडा, नाव तरी असावं की नको?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढची तीन वर्षं बाहेरचा एकही खेळाडू नको. १३, १५ आणि १७ वर्षांखालच्या तीन टीम करू, प्रत्येक पोराची रीतसर नोंदणी करू. आपल्याच दोन माजी खेळाडूंना फुटबॉल फेडरेशनचा कोचिंगचा डी लायसन्स कोर्स करायला पाठवू, फी तालमीनं भरायची. आणि मुलींचीही टीम हवी. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आल्या आणि आपल्या पेठेतल्या मुली अजून मैदानाच्या कडेला भावांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात, हे बरोबर नाही.

सीनियर टीम हरेल. कदाचित खालच्या गटातही जाईल. जाऊ दे. स्टेडियममधनं मान खाली घालून परतावं लागेल, समोरच्या पेठेची पोरं हलगी वाजवत आपल्या दारावरनं जातील, ते सोसायची माझी तयारी आहे. मला दहा वर्षांनी आपलीच अकरा पोरं देशाच्या लीगच्या मैदानात उतरलेली बघायचीत. कुणाला हे फार मोठं वाटेल. मला वाटत नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर पहिली निवड ठेवलीय. पावसानं पाणी साचलं असेल तर तालमीसमोर जमू. २८ साइजच्या वीस जर्सी आणून ठेवल्यात. शूज ज्याच्याकडं नसतील त्यानं अनवाणी यावं, शूजचं आम्ही बघतो. आबा सहालाच येऊन बसणार आहेत.